भाचीचं गणित, भावाचं मराठी

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. भाची नववीत आहे, तालुक्याच्या गावी साध्याच शाळेत. डोळ्यांना आर.पी., म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्यांच्या पडद्याचा आजार. दिवसा बऱ्यापैकी दिसतं, तिन्हीसांजेनंतर चाचपडते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या वरचं आहे. शाळेचं म्हणणं, दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्या, विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र-गृहशास्त्र घ्या, ‘पोरगी सुटेल’. आणि तुमचा धाकटा भाऊ, जन्मापासून कर्णबधिर, वय २७. बारावी झाला, त्याला आता सात-आठ वर्षं झाली. ‘अपंगांच्या जागा निघतील’ म्हणून तो घरी थांबलाय. मामा आणि मोठा भाऊ, दोन्ही नात्यांनी तुम्ही विचारताय की दोघांचं पुढे काय.

शाळेला आत्ता हो म्हणू नका, आणि भावाला जाहिरातीची वाट बघत बसवू नका. मी २६ वर्षं या कामात आहे. सुरुवातीला विशेष शाळेत शिकवलं, मग गटसाधन केंद्रातून, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रातून, गावोगावच्या शाळा फिरले, आता मोठ्या मुलामुलींना कामाला लावायचं बघते. शाळेत असताना ज्या सवलती मी हौसेने मिळवून दिल्या, त्यांतल्या काहींची भरपाई तीच मुलं आता पंचविशीत करताना दिसतात. त्यात माझाही हात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सवलती दोन जातींच्या असतात. एक जात फक्त पद्धत बदलते: जादा वेळ, लेखनिक, वेगळी बैठक, चांगला उजेड, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका. या सगळ्या मागा, भांडून मागा. दुसरी जात विषयच काढून टाकते. ती घेताना शंभरदा विचार करा. कारण शाळा बघते दहावीच्या निकालाकडे, आणि शाळेच्या जागी तेही खोटं नाही. पण सातवीच्या अंकगणितावर दहावी झाली की विज्ञान शाखा आणि पॉलिटेक्निकची वाट अवघड होते, आयटीआयचे काही ट्रेडही हातचे जाऊ शकतात. ‘ती कुठे इंजिनिअर होणार आहे’ असं शाळेत कोणीतरी म्हणालं असेलच. ठीक आहे, नाही होणार. पण दृष्टिबाधित मुलंमुली आपल्याकडे ज्या नोकऱ्यांत खरोखर संख्येने दिसतात, त्यात बँकेतली कारकुनी वरच्या क्रमांकावर आहे. बँकेच्या लेखी परीक्षेत अंकगणिताचा पूर्ण विभाग असतो. तिथे लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात, प्रश्न मात्र सगळ्यांना तेच. तलाठ्याच्या परीक्षेतही अंकगणित सुटत नाही. शाळेतली सूट शाळेच्या फाटकापर्यंतच.

एका पूर्ण अंध मुलाला मी स्वतः अंकगणित घ्यायला लावलं होतं. चांगल्या टक्क्यांनी पास झाला, शाळेने पेढे वाटले. बी.ए. झाला. २३व्या वर्षी बँकेच्या तयारीला बसला तेव्हा सरळव्याज, गुणोत्तर, तक्त्यावरची उदाहरणं सगळी नव्याने आली. आठवीचं पुस्तक ऐकत दोन वर्षं काढली त्याने. मला फोन करून म्हणाला, “बाई, तेव्हा मी रडलो असतो तरी चाललं असतं, तुम्ही गणित द्यायचं होतंत.”

ज्या मुलाला गणिताचाच अध्ययनदोष आहे, अंकच उलटसुलट दिसतात, त्याने अंकगणित जरूर घ्यावं. ती सवलत त्याच्यासाठी वरदान आहे. तुमच्या भाचीचा अडसर डोळ्यांत आहे, आकड्यांत नाही. तुम्हीच लिहिलंय की ती दुकानाचा हिशेब तोंडी करते.

आता आर.पी.बद्दल, कारण शाळा चांगल्या मनानेच बहुतेक उलटं करत असेल. अल्पदृष्टी म्हटलं की सगळं मोठं करून द्यायचं, असा समज आहे. आर.पी.त बहुधा नजरेचा घेर आक्रसत जातो, नळीतून बघावं तसा. अशा डोळ्यांपुढे अक्षर जितकं मोठं, तितकी नळीत मावणारी अक्षरं कमी. ‘महाराष्ट्र’ मधला ‘महा’ दिसतो, मग मान वळवून ‘राष्ट्र’ शोधायचा. ए-थ्री कागदावर फुगवलेली प्रश्नपत्रिका अशा मुलीला साध्या प्रश्नपत्रिकेपेक्षा जास्त दमवते. तिला लागतो उजेड आणि ठळक, गडद अक्षर. एक काळा पुठ्ठा घ्या, त्यात एका ओळीएवढी खाच कापा आणि ती ओळीवर ठेवून वाचायला द्या. आजूबाजूची चकाकी जाते, ओळ हरवत नाही. पाच रुपयांचं काम आहे. निळ्या बॉलपेनऐवजी काळं जेलपेन. पहिल्या बाकावर बसवण्याचा हट्टही सोडा. घेर लहान असेल तर दोन बाक मागे बसून फळा जास्त मावतो. तिला विचारा, बसवून बघा, ती सांगेल तिथे बसवा. परीक्षेच्या खोलीत खिडकीजवळची जागा आणि चालू असलेली ट्यूबलाइट, ही मागणी आधीच लेखी द्या. केंद्रावर ऐनवेळी कोणी दिवा बदलत नाही.

नजर किती वर्षं टिकेल, हे सांगता येत नाही. कोणाची चाळिशीपर्यंत कामापुरती राहते, कोणाची विशीत उतरते. म्हणून ब्रेल आत्ता, वाचता येतंय तोवरच शिकवा. आईवडिलांना हे अपशकुनासारखं वाटतं, मला माहीत आहे. एका आजीने तर मला ब्रेलची पाटी उंबऱ्याच्या आत आणू दिली नव्हती. पण दिसत असतानाच बोटांनी ब्रेल शिकलेलं पोर पुढे घाबरत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना साध्या शाळेत शिकवण्यासाठीचे, विशेष शिक्षक असतात. शाळेने त्यांना बोलावणं हे शाळेचं कामच आहे, उपकार नाही.

लेखनिक घ्यायचा की स्वतः लिहायचं, हे सहामाहीला दोन्ही करून ठरवा. दिवसाउजेडी ती लिहू शकत असेल तर जादा वेळ घेऊन स्वतः लिहिणं बरं. तीन तासांच्या पेपरला चार तास होतात. लेखनिक घ्यायचा असेल तर तो मार्चमध्ये नको, आता जुलैतच शोधा आणि दर शनिवारी दोघींना एकत्र बसवा. गणित तोंडी सांगणं ही वेगळीच विद्या आहे. माझ्यासमोर एका मुलीने सांगितलं, “एक्स अधिक पाचचा वर्ग.” लेखनिक आठवीची, शहाणी पोर, तिने फक्त पाचवर दोन काढला. उत्तर गेलं. त्यानंतर आम्ही बोली ठरवली: “कंस सुरू, एक्स अधिक पाच, कंस बंद, आता कंसावर दोन.” आणि प्रत्येक पायरीनंतर “वाच”. दोन महिन्यांत त्या दोघी एकमेकींच्या श्वासावर चालायला लागल्या.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या मुलांचं प्रमाणपत्र ४० च्या खाली आहे (एकच डोळा असेल तर ३० टक्केच धरतात), त्यांच्यासाठी एक गोष्ट. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांवरच अडवून ठेवता येणार नाही. लिहायला खरोखर अडचण आहे का, ते बघा. त्यावरून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. परीक्षेच्या केंद्रप्रमुखाला हे ठाऊक नसतं. कागद सोबत ठेवा.

दहावीनंतर तिला कुठे घालावं, हे आत्ताच ठरवू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट दिली आहे. त्यामुळे प्रवेश हा प्रश्न राहत नाही, प्रवेशानंतरची तीन वर्षं राहतात. सत्कार समारंभात तुम्हाला प्रांजल पाटील यांचं उदाहरण देतील. उल्हासनगरच्या, लहानपणी दृष्टी गेलेल्या; केंद्रीय लोकसेवा परीक्षेत ७७३वा क्रमांक आला तेव्हा रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना घेतलं नाही, पुढच्या वर्षी १२४वा क्रमांक काढून त्या आय.ए.एस. झाल्या. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिबाधितांना न्यायाधीशपदाचा मार्गही मोकळा केला. हे सगळं मोठंच आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीला मी आधी जवळच्या तालुक्यात बँकेत बसणारा एखादा अंध कारकून दाखवते. तो स्टँडवरून शाखेपर्यंत कसा येतो, संगणक कसा वाचतो, चहाला कोणाबरोबर बसतो, हे तिने बघितलं की नोकरी म्हणजे काय ते कळतं. कलेक्टरचा फोटो भिंतीवर राहतो.

संगणकाचं म्हणाल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, मग त्याचा अंध मित्र येऊन मिळाला. मराठी वाचतो. अँड्रॉइड फोनवर तसाच वाचून दाखवणारा टॉकबॅक असतोच. एकच पथ्य: तिला पहिल्या दिवसापासून युनिकोड मराठीत, म्हणजे संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, टंकायला शिकवा. आपल्याकडच्या कचेऱ्यांत अजून जुन्या फाँटमधल्या फायली पडून आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटते. माझी एक विद्यार्थिनी कारकून म्हणून रुजू झाली आणि पहिले चार महिने तिला ‘वाचता येत नाही’ असा शेरा मिळाला. दोष फायलीच्या फाँटचा होता. साहेबाने एक दिवस हेडफोन कानाला लावून ऐकलं, तेव्हा त्यालाही हसू आलं, आणि मग रूपांतर करणारं सॉफ्टवेअर आलं.

पांढऱ्या काठीबद्दल तुमच्या बहिणीचा विरोध आहे, ‘लोक बघतील, उद्या लग्न जमायचंय’ म्हणून. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. एवढंच सांगा की संध्याकाळी एकटी बाहेर पडू न शकणारी मुलगी कॉलेजच्या वसतिगृहात टिकत नाही, पहिल्याच दिवाळीला सामानासह परत येते. अशा मी मोजून अकरा मुली बघितल्यात, सगळ्या हुशार. गावात नको तर शहरात मावशीकडे राहून काठी वापरायला शिकू दे.

अजून एक, थोडं नाजूक. तुम्ही ओघात लिहिलंय की बहीण आत्याच्याच घरी दिली आहे. आर.पी. आणि जन्मजात बहिरेपणा, दोन्हींचे काही प्रकार नात्यातल्या लग्नांत जास्त उतरतात. कोणाचा दोष काढत नाही, पण भाचीच्या पाठच्या भावंडांचे डोळे तपासून घ्या. आणि एकाच कुळात दोन्ही आहे म्हणून सांगते: भाचीची श्रवणचाचणी करा, भावाच्या डोळ्यांचा पडदा तपासा. अशर सिंड्रोम नावाच्या प्रकारात दोन्ही एकाच माणसात येतात. बहिरेपण आधी, नजर मागाहून. २७व्या वर्षी भाऊ अंधारात धडपडत नसेल तर बहुधा तसं काही नाही. पण त्याला यंत्रावर उभं करण्यापूर्वी खात्री केलेली बरी.

आता भाऊ. त्याच्या बाबतीत दुसऱ्या जातीची सवलत आधीच घेऊन झाली आहे: कर्णबधिर म्हणून एकाच भाषेवर तो पास झाला असणार, आणि ती भाषाही शिक्षकांनी प्रश्नोत्तरं पाठ करून घेऊन. खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, तिला मराठीचे विभक्ती प्रत्यय लागत नाहीत. त्यामुळे बारावी झालेला हुशार मुलगा ‘मी काल बाजार गेला भाजी पैसे कमी’ असं लिहितो. साहेब तो मेसेज वाचतो आणि मनात शिक्का मारतो. त्याची अक्कल कुठेच कमी नसते, फक्त ने-ला-चा-त कोणी शिकवलेलं नसतं. माझ्या हातून काम मिळालेल्या कर्णबधिर मुलांपैकी जी टिकली, त्यांनी बहुतेकांनी विशी ओलांडल्यावर लेखी मराठी नव्याने शिकलं. रोज दहा वाक्यं, व्हॉट्सॲपवर, कामातली: ‘साहेबांनी मला दोन वाजता बोलावलं.’ ‘मशीनमध्ये तेल कमी आहे.’ खुणांत समजावून सांगणारं कोणी असेल तर वर्षभरात फरक दिसतो.

सरकारी जागांचं गणित समजून घ्या. एकूण ४ टक्के, त्यातला १ टक्का कर्णबधिर आणि ऐकू कमी येणाऱ्यांना. महाराष्ट्रात दिव्यांगांना वयोमर्यादा ४५ पर्यंत आहे, म्हणून दार बंद झालेलं नाही. जाहिरात वाचताना नुसतं ‘दिव्यांग’ बघून अर्ज टाकू नका. पदापुढे इंग्रजी आद्याक्षरं असतात: ‘डी’ म्हणजे बधिर, ‘एचएच’ म्हणजे ऐकू कमी येणारे. त्यापुढे कामाच्या गरजा येतात: ‘एस’ बसणं, ‘एसटी’ उभं राहणं, ‘एमएफ’ बोटांनी काम, ‘एच’ ऐकणं, ‘सी’ संवाद. ‘डी’ नसेल तर त्या अर्जावर फी आणि आशा दोन्ही खर्च करू नका. अर्ज करत राहा, पण घरी बसून नव्हे. २०१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत १५ वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी माध्यमिक किंवा वरचं शिक्षण १९.३ टक्क्यांचंच होतं, आणि काम करणारे व काम शोधणारे मिळून २३.८ टक्के. म्हणजे चारातले तीन शोधणाऱ्यांतही नाहीत. तुमचा भाऊ शिकलेल्या थोडक्यांत आहे आणि न शोधणाऱ्या बहुतेकांतही आहे. आठ वर्षांच्या घरबसल्या काळाचं मालकाला काय सांगायचं, हा मुलाखतीतला सगळ्यात अवघड प्रश्न ठरतो.

मुंबईत मिरॅकल कुरिअर्स या कंपनीने २००९ पासून कर्णबधिर मुलांकडून पत्रं पोहोचवून घेतली, लेमन ट्री हॉटेलांत कर्णबधिर मुलं खोल्या आणि स्वयंपाकघर सांभाळतात. तुमच्या जिल्ह्यात असं काही नसेल, पण एमआयडीसी आहे. तपासणी, पॅकिंग, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) मदतनीस, तयार झालेले भाग मोजणं. आयटीआयचा ट्रेड किंवा अ‍ॅप्रेंटिसशिप करून तो आत शिरू शकतो. खडू-मेणबत्त्यांच्या प्रशिक्षणाला मात्र घालू नका. दिवाळीत पणत्या रंगवून फोटो छान येतात, पगार येत नाही.

आणि आत शिरल्यावर काय होतं ते ऐका. एका कारखान्यात मी एक मुलगा लावला. काम उत्तम. तिसऱ्या महिन्यात मालकाचा फोन: “पोरगा आळशी आहे, ओव्हरटाइमच्या दिवशी बरोब्बर पाचला निघून जातो.” मी जाऊन दिवसभर बसले. चार वाजता चहाच्या टपरीशी सुपरवायझर येऊन ओरडून सांगत होता, “आज सातपर्यंत!” सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचा मुलगा त्याच्याकडे पाठ करून बिस्किट बुडवत होता. बाकीचे थांबलेले का, हे त्याला तीन महिने कळलं नव्हतं. त्याला वाटे, त्यांचंच काहीतरी काम राहिलं असेल. मी हजेरीच्या फळ्याकडे बोट दाखवलं: इथे खडूने ‘आज ७’ लिहा. झालं. आगीच्या भोंग्याला एक लाल दिवाही जोडून घेतला, साडेसहाशे रुपयांचा. तो मुलगा अजून तिथेच आहे आणि आता नव्या पोरांना मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, धरायला शिकवतो. भावाला काम लागलं की पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही एक दिवस तिथे जाऊन बसा. त्याच्या कामाकडे बघू नका, सूचना कुठून आणि कशा येतात तेवढंच बघा.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं मानधन जाईल म्हणून आई कामाला पाठवत नाही, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. उत्पन्नाची मर्यादा असतेच, नोकरी लागली तर ते बंद होऊ शकतं. पण ते मानधन निराधारांसाठी आहे. आईशी भांडू नका. सहा महिने पगार तिच्या हातात आणून द्यायला सांगा.

एक विनंती. पत्र तुम्ही लिहिलंत, दोघांच्या वतीने, आणि चांगलं लिहिलंत. पुढचं पत्र भावाला लिहू दे. त्याला काय काम आवडतं, हाताला काय येतं, दिवसभर तो काय करतो, एवढंच. त्यातला एकही प्रत्यय दुरुस्त करू नका, तसंच पाठवा. मला त्यावरूनच कळेल सुरुवात कुठून करायची ते.